हिल्क्का आणि सुईणबाईंचं इंजिन

मार्च महिना होता. तळ्यावरचा बर्फ अजून ट्रकचं वजन पेलण्याइतका घट्ट होता. अशा एका सकाळी रेइनो मोइलानेन ट्रेलरवर ताडपत्रीखाली एक इंजिन घालून हिल्क्का मुलारीच्या वर्कशॉपपुढे येऊन थांबला. रेइनो गावातला पेट्रोलपंप चालवायचा, शिवाय ग्रामसंघाचा अध्यक्ष होता. अध्यक्ष झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्ट आधीच ठरवून यायची सवय लागली होती.

"हिल्क्का, तू फक्त एकदा बघ आणि 'गेलं' म्हण," गाडीतून उतरता उतरताच तो म्हणाला. "मग आम्ही दुसरं बसवायला मोकळे."

"मी काय म्हणायचं तेही तूच ठरवून आलायस, तर मग मला कशाला बोलावतोस?" हिल्क्काने हात पुसत विचारलं.

इंजिन सेल्मा केरॅनेनच्या गाडीचं होतं, हे सांगायची गरजच नव्हती. ती राखी रंगाची, गोल पाठीची स्वीडिश गाडी त्या मुलखात कोणाला माहीत नव्हती? सेल्माबाई तेवीस वर्षं त्या भागातल्या सुईण. त्यातली तेरा वर्षं त्यांनी त्याच गाडीतून काढली. हिवाळ्यात उणे पस्तीस अंशांत, वसंतात गुडघाभर चिखलात, त्या शेताशेतांतून फिरल्या. रेइनो स्वतः त्यांच्याच हातावर जन्मला होता, आणि हिल्क्काची धाकटी बहीणसुद्धा. आता बाई ऑगस्टमध्ये ऐंशी वर्षांच्या होणार होत्या. दृष्टी जवळजवळ गेलेली, मुक्काम वृद्धाश्रमात. ग्रामसंघाच्या मनात होतं की वाढदिवसाच्या दिवशी गाडी त्यांच्या दारात चालवत न्यायची.

"कुओपिओ शहराजवळच्या भंगारवाल्याकडे अगदी असंच इंजिन आहे," रेइनो म्हणाला. "चालू स्थितीत. एका आठवड्यात काम. आणि हे बघ, बाईंना दिसत नाही, त्यांना काय कळणार?"

"त्या आंधळ्या झाल्यात रे, बहिऱ्या नाही झाल्या," हिल्क्का म्हणाली, आणि तिने ताडपत्री बाजूला केली.

तिने चारही स्पार्क प्लग काढले, एकेका भोकात नाक घालून वास घेतला, मग करंगळी आत घालून फिरवली. करंगळी बाहेर आली ती दालचिनी लावल्यासारखी तपकिरी. गाडी सतरा वर्षं शेडमध्ये उभी होती आणि शेडचं छप्पर नेमकं पुढच्या अंगाला फुटलं होतं. कार्बोरेटर कोणीतरी कधीतरी काढून नेला होता. त्या उघड्या तोंडातून दरवर्षी वितळलेल्या बर्फाचं पाणी थेंबथेंब आत गेलं होतं. हिल्क्काने फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड दातेरी चाकावर, दोन्ही हात ठेवून एकदाच जोर लावला. डोंगर ढकलावा तसं झालं.

"गेलं ना?" रेइनोने आशेने विचारलं.

"अडकलंय," हिल्क्का म्हणाली. "गेलेलं आणि अडकलेलं यात फरक असतो. ठेव इथे आणि जा."

हिल्क्का तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, डोक्याला कायम एकच निळा रुमाल. तिचे वडील लाकूडतोडीच्या ठेकेदारांची यंत्रं दुरुस्त करायचे. मुलगा नव्हता म्हणून नव्हे, तर हिला घरात बसवणं कोणाला जमलं नाही म्हणून ती त्यांच्या हाताखाली आली. सोळाव्या वर्षी तिने एक मोठी चूक केली. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरचा पिस्टन गंजून अडकला होता, आणि वडील जेवायला गेल्यावर हिने घण उचलला. पाचव्या घावाला पिस्टन सुटला. सातव्याला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं सगळं ओतीव अंग, वरपासून खालपर्यंत तडकला. वडील परत आले, त्यांनी चीर पाहिली, आणि एक अक्षर न बोलता तो ब्लॉक ओढत नेऊन वर्कशॉपच्या दाराशी पायरी म्हणून बसवला. बेचाळीस वर्षं हिल्क्का त्यावर पाय देऊनच कामाला येत होती. त्यानंतर तिने अडकलेल्या इंजिनावर घण म्हणून कधी उचलला नाही.

पहिले पाच आठवडे कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही काहीच करत नाहीये. गिअरबॉक्सचं पातळ तेल आणि रंग काढायचं द्रावण एकत्र करून तिने चारही सिलिंडरांत ओतलं. रोज सकाळी कॉफीच्या आधी ती पातळी बघायची. जिथली उतरली असेल तिथे थोडं घालायची. तेल उतरतंय म्हणजे ते पिस्टनवरच्या रिंगांच्या कडेने वाट काढतंय. मग ती फ्लायव्हीलला लांब पहार लावायची. झटका नाही, लटकणं नाही. नुसता भार द्यायचा, सोडायचा, उलट्या बाजूने द्यायचा, सोडायचा. नंतर रोजची बाकीची कामं.

पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलावर मंडळींना बोलायला विषय मिळाला.

"काय हिल्क्का, आज हललं का?" लाकडाच्या गाडीवाला पेंत्ती रोज विचारायचा.

"तू बाकावरून हललास की तेही हलेल," हिल्क्का म्हणायची आणि आपला राय धान्याचा पाव-लोणी उचलून निघून जायची.

एप्रिलच्या मध्यावर, एका मंगळवारी, फ्लायव्हील एका दाताने पुढे सरकलं. हिल्क्काने लगेच ते मागे आणलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मोकळं झालं म्हणून पुढेच रेटत गेलं, तर सुटलेला गंज रिंगांत दाटतो आणि सिलिंडरला ओरखडे काढतो, हे तिला ठाऊक होतं. पण तेवढ्या एका दातापलीकडे काही जाईना. मग तिने खालचं तेलाचं भांडं उघडलं, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकेक सोडवल्या, म्हणजे प्रत्येक पिस्टन आपापला वेगळा झाला. बर्चच्या लाकडाचा गुळगुळीत दांडका आणि लाकडी हातोडी घेऊन हळूहळू ठोकत तिने पहिला, दुसरा आणि तिसरा बाहेर काढला. प्रत्येकावर खडूने आकडा घातला. कोणता कुठला, तोंड कुठे, सगळं वहीत चित्र काढून ठेवलं.

चौथा मात्र तसूभरही हलला नाही. पाणी सगळ्यात जास्त तिथेच साठलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हिल्क्काने नवऱ्याला, औलिसला, गाठलं. औलिस बस चालवायचा, स्वभावाने गरीब. आठवडाभरात एकच गोष्ट स्वतःसाठी मागायचा: शनिवारचा सौना, लाकडं पेटवून तापवलेल्या खोलीतलं वाफेचं स्नान.

"या शनिवारी सौना नेहमीपेक्षा लवकर पेटव," ती म्हणाली. "चांगला नव्वद अंशांपर्यंत तापव."

औलिस खूश झाला. "का गं, कोणी येणार आहे?"

"हो. सेल्माबाईंचा ब्लॉक."

औलिसने हातातला चमचा खाली ठेवला. "माझ्या सौन्यात इंजिन?"

"क्रँक काढलाय, हेड काढलंय. नुसता ब्लॉक उरलाय. तुझ्या भावापेक्षा हलका आहे."

"माझा भाऊ आंघोळ करून येतो!"

"हाही येईल. मी पुसून देते."

औलिसने जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शनिवारी दुपारी त्यानेच लाकडं फोडली, त्यानेच एका बाजूने ब्लॉक उचलला. आतलं तेल शोषून काढून, सगळं कोरडं पुसून त्यांनी तो खालच्या बाकावर ठेवला. दोन तास सौना धगधगला. औलिस बाहेर पायरीवर टॉवेल गुंडाळून, बिअरची बाटली हातात घेऊन बसला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला की आत पाहुणा आहे.

ब्लॉक हाताला धरवेना इतका तापल्यावर हिल्क्का आत गेली. चौथ्या पिस्टनच्या कडेने तिने तेल सोडलं. तापलेलं लोखंड गार होताना तेल आत ओढून घेतं, घण जे करू शकत नाही ते हे करतं. मग ब्लॉक बाहेर, थंडीत. रविवारी पुन्हा तसंच. सोमवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी, ब्लॉक अजून कोमट असताना, तिने दांडका टेकवला आणि लाकडी हातोडीने ठोकलं. आवाज बदलला. इतके दिवस 'टक' यायचा, तो 'टप' आला.

"औलिस!" ती ओरडली.

औलिस धावत आला तेव्हा पिस्टन अर्धा इंच खाली उतरला होता आणि हिल्क्का ब्लॉकशेजारी जमिनीवर बसून घाम पुसत हसत होती. औलिसने वाकून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"आता मी आंघोळ करू?" त्याने विचारलं.

पिस्टन बाहेर आला आणि खरी दुखणी दिसली. पहिल्या तीन सिलिंडरांच्या भिंतींवर तपकिरी साय होती. खालचं लोखंड शाबूत होतं. चौथ्यात मात्र पिस्टन जिथे बसून राहिला होता, तिथे गोल पट्टाच्या पट्टा खड्ड्यांनी भरला होता, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखा. आणि ब्लॉकच्या पोटात पाणी फिरायच्या वाटा? बाजूच्या चकत्या ठोकून काढल्यावर आतून लाल गाळाची ढेकळंच पडली. बोट जाईल अशी जागाही उरली नव्हती.

तो गंज ना ब्रशने निघतो ना वाळूच्या माऱ्याने, कारण तिथे काही पोहोचतच नाही. हिल्क्काकडे त्यावर वडिलांचा उपाय होता: मळी. बीटच्या साखरेच्या कारखान्यातून गुरांच्या खाद्यासाठी जी काळी मळी येते, तीच. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, मोठं पिंप, आणि त्यात ब्लॉक बुडवून ठेवायचा. मळी गंज खाते, चांगल्या लोखंडाला हात लावत नाही. फक्त ॲल्युमिनियमचा कण आत राहता कामा नये, आणि माणसाला घाई असता कामा नये. पिस्टन, बेअरिंगा, सगळं काढून, तेलाचे डाग धुऊन तिने ब्लॉक पिंपात सोडला.

मे महिना उबदार निघाला आणि आठवड्याभरात मळी आंबली. आंबट, गोडूस, उग्र वास अंगणभर, मग रस्त्यापर्यंत, मग शेजारच्या आइनो हेइक्किनेनच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"हिल्क्का, दारू गाळतेस की काय?" आइनो कुंपणावरून म्हणाली. "माझ्या गाई दिवसभर तुझ्या भिंतीला तोंड लावून उभ्या असतात."

"त्यांना सांग, तीन आठवडे थांबा."

"आणि माझ्या नाकाला काय सांगू?"

तीन आठवड्यांनी हिल्क्काने साखळीने ब्लॉक वर उचलला. काळा, बुळबुळीत. पाण्याचा जोरदार फवारा मारला, आणि खालून राखाडी, स्वच्छ, नव्या ओतीवासारखं लोखंड उघडं पडलं. पोटातल्या वाटांत टॉर्च मारली तर या भोकातून त्या भोकात उजेड. तिने हवेने पाणी उडवलं, तेलाचा डबा उचलला, आणि तेवढ्यात घरातला फोन वाजला.

वृद्धाश्रमातून होता. सेल्माबाई पडल्या होत्या, मोडलं काही नव्हतं, पण घाबरल्या होत्या आणि सारख्या विचारत होत्या की हिल्क्का मुलारी त्यांच्या गाडीचं काय करते आहे. हिल्क्का रुमालही न बदलता निघाली. डबा तसाच बाकावर राहिला.

सेल्माबाई खिडकीपाशी पांघरूण घेऊन बसल्या होत्या. बारीक, ताठ, कपाळावर निळा डाग.

"मळीचा वास येतोय," हिल्क्का आत येताच त्या म्हणाल्या. "कोणाचं जनावर आजारी आहे?"

"तुमचं इंजिन आहे, बाई. वाढदिवसापर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

"रेइनो सगळ्या गावाला कुजबुजून सांगतो. मला महिन्यापूर्वीच कळलं." मग त्यांनी हात पुढे केला आणि हिल्क्काचा हात धरला. त्यांची बोटं अजून जोरकस होती. "आत किती खराब आहे? खरं सांग. मी आयुष्यभर लोकांना खरं सांगत आलेय."

हिल्क्काने सांगितलं. तीन बरे, चौथा खड्ड्यांनी भरलेला.

बाईंनी पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "दोष माझा आहे. शहात्तर साली तालुक्याला नवा दवाखाना झाला. सगळ्या बाळंतिणी तिकडे जायला लागल्या. मला निवृत्तीचा कागद आला, बरोबर फुलं आली. मी त्याच दिवशी गाडी शेडमध्ये घातली, दार ओढलं आणि मागे वळून पाहिलं नाही. पाणी काढलं नाही, तेल घातलं नाही, तोंड झाकलं नाही. तेरा वर्षं तिने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही, आणि मी तिला असं टाकलं. रागावले होते ना, म्हणून."

हिल्क्काला समजुतीचं बोलता यायचं नाही.

"अडकलेलं निघतं, बाई," ती म्हणाली. "चौथ्याला वेळ लागला, इतकंच."

"ओढलं नाहीस ना?"

"नाही. सौन्यात घातला."

सेल्माबाई मोठ्याने हसल्या. "बरोबर केलंस. माझ्या निम्म्या बायका सौन्यातच मोकळ्या झाल्या. गरम पाणी तिथे, शांतता तिथे. नुसतं बसून राहायचं आणि नवऱ्याला आत येऊ द्यायचं नाही."

"नवऱ्याने तर ब्लॉक उचलायला मदत केली."

"मग तुझा नवरा बरा दिसतो."

हिल्क्का तीन तासांनी परतली. दारातच थबकली. जे लोखंड राखाडी ठेवून गेली होती त्यावर नारिंगी धूळ धरली होती, जणू कोणी हळद भुरभुरली. धुतलेलं उघडं लोखंड तेलाशिवाय अर्धा तास ठेवायचं नसतं, हे ती शिकाऊ माणसांना पहिल्याच दिवशी सांगायची. ती बाकावर बसली आणि स्वतःला दोन शिव्या हासडल्या. मग उठली, ब्लॉकला साखळी लावली आणि पुन्हा पिंपात सोडला. पाच दिवस. आइनोच्या गाई परत भिंतीला येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्यांदा वर काढला तेव्हा फोन वाजला, वाजून वाजून बंद झाला. हिल्क्काने मान वर केली नाही. गरम पाणी, हवा, आणि ओलसरपणा उडतो न उडतो तोच प्रत्येक भोकात, प्रत्येक वाटेत तेल. बंदुकीची नळी साफ करायच्या ब्रशने तेलाच्या बारीक वाटा एकेक घासल्या. त्यात राहिलेला गंजाचा एक कणही नव्या बेअरिंगचा घास घेतो.

उरला चौथा सिलिंडर. रेइनो मापं बघायला आला आणि पुन्हा भंगारवाल्याचं नाव काढलं.

"नुसतं बोरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकला तर?" त्याने विचारलं.

"खड्डे जाईपर्यंत कापलं तर भिंत पापडासारखी होईल." तिने वाकवलेल्या तारेचा चिमटा पाण्याच्या वाटेतून आत घालून भिंतीची जाडी आधीच मोजली होती. "लायनर बसवावा लागेल."

"त्यात ब्लॉक फुटला तर?"

"तर मी दाराशी दुसरी पायरी करीन," हिल्क्का म्हणाली.

पण त्या दिवशी तिला भूक लागली नाही, हे औलिसने पाहिलं. लायनर म्हणजे ओतीव लोखंडाची बारीक भिंतीची नळी. ती केसाएवढी घट्ट बसली पाहिजे. सैल राहिली तर सरकते, जास्त घट्ट झाली तर जुनी भिंत तडकते. हिल्क्काने दोन दिवस घेऊन सिलिंडर कापला, दर फेरीला थांबून मापत. नळी मासे ठेवायच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवली, आणि ब्लॉक पुन्हा एकदा सौन्यात. या वेळी औलिसने काही विचारलं नाही, नुसती लाकडं आणली.

नळी बसवायला एकच संधी असते. दहा सेकंदांत गार नळी गरम होते आणि जिथे असेल तिथे धरते. हिल्क्काने जाड हातमोजे घातले, नळी भोकावर सरळ धरली, श्वास सोडला आणि खाली जाऊ दिली. ती आवाज न करता तळाच्या कडेला जाऊन टेकली. दोघं तिथेच उभी राहिली. ब्लॉक गार होईपर्यंत हिल्क्का कान देऊन ऐकत होती. तडकण्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या तोंडांना झाकणं लावून आत दाबाने पाणी भरलं आणि एक तास कोरड्या बोटाने भिंत न् भिंत चाचपली. बोट कोरडंच राहिलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, नव्या रिंगा आणि दुसरा कार्बोरेटर लावून, इंजिन गाडीत बसलं. पहिल्या झटक्याला खोकलं, दुसऱ्याला निळा धूर काढला, तिसऱ्याला चालू झालं. पंपावरची मंडळी सगळी अंगणात होती. पेंत्तीने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"हललं," तो म्हणाला.

वाढदिवसाच्या दुपारी रेइनोने भाषण तयार ठेवलं होतं, पण सेल्माबाईंनी ते ऐकून घेतलं नाही. गाडी वृद्धाश्रमाच्या दाराशी आली तेव्हा त्या पायरीवर काठी धरून उभ्या होत्या. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं, आणि ऐकत राहिल्या. बराच वेळ. मग काठी रेइनोच्या हातात दिली, चाचपत पुढे आल्या आणि बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवले.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या. "पूर्वीपेक्षा जरा जड बोलते. पण माझीच."

"नवा लायनर आहे, बाई, म्हणून," हिल्क्का म्हणाली. "बसायला हजार किलोमीटर लागतील."

"मग उभी काय राहिलीस? चल."

केक तिथेच राहिला. हिल्क्का चालवत होती, बाई शेजारी, मागच्या सीटवर औलिस आणि हट्टाने घुसलेला रेइनो. बाईंना दिसत काही नव्हतं, पण रस्ता त्या सांगत होत्या. "आता पूल येईल. आता चढ, दुसरा गिअर टाक. इथे मोइलानेनांचं घर, या पोराला इथे काढला, पायाळू होता, अजून तसाच उलटा चालतो."

"बाई!" मागून रेइनो म्हणाला.

"खोटं आहे का?"

टेकडीच्या माथ्यावर, जिथून तळं पसरलेलं दिसतं, तिथे त्यांनी थांबायला सांगितलं. "बंद करू नकोस," त्या म्हणाल्या. चौघं बसून राहिली. इंजिन एकसारखं चालत होतं. सेल्माबाईंचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. हिल्क्काने पाण्याच्या काट्यावर नजर ठेवली. काटा मध्यावर स्थिर होता.

"माझ्या हातून बिघडलं ते तू सुधारलंस," बाई शेवटी म्हणाल्या.

"मी नुसती थांबले," हिल्क्का म्हणाली.

"तेच लोकांना जमत नाही, गं पोरी," बाई म्हणाल्या, आणि मग कॉफी हवी म्हणून गाडी वळवायला लावली.

सेल्माबाई त्यानंतर आणखी तीन उन्हाळे जगल्या. दर रविवारी, रस्त्यावर बर्फ नसेल तेव्हा, हिल्क्का त्यांना त्याच गाडीतून फिरवायची. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर तिने तेल बदललं. काढलेलं तेल पांढऱ्या ताटात ओतून, उन्हात धरून, बोटांत चोळून पाहिलं. त्यात धातूची चमक होती, नव्या रिंगा घासल्या जातात तेव्हा असते तेवढीच. तपकिरी कण शोधूनही सापडला नाही. तिने ताट पुसलं, नवं तेल भरलं, आणि आइनोच्या गवत कापायच्या यंत्राकडे वळली. ते दोन आठवड्यांपासून वाट बघत होतं.